बसून हसणारी जमनामावशी

जमनामावशीला हसू आलं की ती आधी खाली बसायची.

"अगं थांब, थांब, बसू दे मला," असं म्हणत डोक्यावरची मासळीची पाटी जिन्याच्या कठड्यावर टेकवायची, लुगडं गुडघ्यात आवळून पायरीवर बसकण मारायची आणि मग हसायची. हसायची म्हणजे कसं, तीन मजले ऐकायचे. शिंकेचंही तेच. नाक हुळहुळलं की आधी बूड टेकायचं, मग शिंक. एकदा भर रस्त्यात रिक्षासमोर बसली होती शिंकायला. रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला. आमच्या कॉलनीतल्या पोरी तिची हुबेहूब नक्कल करायच्या. मीसुद्धा केलेली आहे, माहेरी गेल्यावर, बहिणींना हसवायला. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे त्याची मला लाज वाटायची आहे.

मी घाटावरची, साताऱ्याकडची. नोकरीपायी बोईसरला आले. एका सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं माझं काम. आल्या आल्या दोन गोष्टींनी मला हैराण केलं. एक, एमआयडीसीकडून वारा आला की येणारा तो वास, ज्याला इथली माणसं वास म्हणतच नाहीत. आणि दुसरी, जमनामावशी. पहिल्याच आठवड्यात सकाळी दारात उभी. काळीसावळी, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, एक हात डोक्यावरच्या पाटीला.

"नवीन हाय का तू? काय करते?"

"दवाखान्यात असते. लॅबमध्ये."

"म्हंजे शिस्टर."

"सिस्टर नाही हो, मी फक्त रक्त तपासते."

"रगत काडते ना? मंग शिस्टरच." विषय संपला. पुढे सोळा वर्षं मी शिस्टर राहिले.

ती बोईसरजवळच्या समुद्रकाठच्या नवापूरची. होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळी घ्यायची, पहिल्या रिक्षाने बोईसर गाठायचं आणि आमच्या कॉलनीच्या तीन इमारती नि मागच्या कामगारांच्या चाळी पायी पायी करायच्या. आमच्या इमारतींना लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यापर्यंत पाटी डोक्यावर. "खाली बसून हाका मार ना, आम्ही येतो खाली," असं कोणी म्हटलं तर तिला अपमान वाटायचा. "मी काय बाजारवाली हाय का बसून इकायला? मी दारावर येनारी." आणि खरंच, ती दारावर यायची ती मासळीपेक्षा घर बघायला. कोणाचं पोर खोकतंय, कोणाची सासू बोलेनाशी झाली, कोणाच्या चुलीवर आज काहीच नाही, हे ती उंबऱ्यातून एका नजरेत टिपायची. बरं, टिपून गप्प बसेल तर शप्पथ.

माझ्यावर पाळी आली ती दुसऱ्याच महिन्यात.

आधी भवानीचं सांगायला हवं. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती नोट ती पाटीला लावायची, कपाळाला लावायची आणि मगच कमरेच्या पिशवीत टाकायची. भवानीचं गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो, परत पाठवायचं नाही, हा त्यांच्यातला नियम. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर आख्खा दिवस बसला म्हणून समजायचं. त्या दिवशी पहिलं दार माझं होतं. मी घाईत होते, ड्युटीची वेळ झालेली. म्हटलं, "मावशी, दोन पापलेट दे."

तिने पाटी उतरवली. पापलेट काढलं, कल्ला उचलून आतला लाल रंग मला दाखवला, ताजं आहे म्हणून. मग तिने माझ्याकडे बघितलं. बघत राहिली. आणि त्याच ओल्या, खवले चिकटलेल्या अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली. मी किंचाळलेच.

"नाय देनार," ती म्हणाली.

"काय?"

"मासळी नाय देनार. माशाचा कल्ला बगून मी सांगते ना ताजा का शिळा? तुजा कल्ला पांडरा फक्क हाय. जा, आदी रगत तपास."

"अगं बाई, मी रोज शंभर जणांचं रक्त तपासते!"

"शंबर जनांचं तपासते. तुजं कोन तपासते?"

आणि पापलेट पाटीत टाकून चालती झाली. भवानीच्या वेळी! शेजारच्या दारातल्या आजी तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. मी संतापाने लाल झाले, म्हणजे तेवढं रक्त असतं तर झाले असते. लॅबमध्ये गेल्यावर बरोबरच्या मुलीला म्हटलं, चल, गंमत म्हणून माझं काढ. हिमोग्लोबिन आठाच्या खाली आलं. महिन्याच्या महिन्याला दहा-दहा दिवस अंगावरून जात होतं आणि मी 'आईचंही असंच होतं' म्हणून ढकलत होते. मी! जी रोज बायकांच्या कागदावर लाल पेनाने गोल करते ती! आमच्या मॅडमनी, म्हणजे बायकांच्या डॉक्टरनी, मला असं झापलं की विचारू नका. औषधं सुरू झाली. तीन महिन्यांनी मावशीने पुन्हा माझी पापणी ओढली, मान हलवली आणि त्या दिवसापासून रोजची भवानी माझ्या हातून घ्यायला लागली. "शिस्टरचा हात चांगला हाय," म्हणायची. हात कसला चांगला, तिचाच अंगठा चांगला होता.

तिची ही पद्धत साऱ्यांना लागू होती. छातीत काही लागतंय म्हणून कुजबुजणाऱ्या पाटीलकाकू, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलेल्या शिक्षिका, तिसरी मुलगी झाल्यावर नुसती भिंतीकडे बघत बसणारी खालच्या मजल्यावरची सून. मावशीचं वाक्य एकच. आदी दाकव, मंग मासळी. मासे न खाणाऱ्यांच्या घरी ही धमकी चालायची नाही, तर त्यांच्या दारात ती पाटी उतरवून बसून राहायची. त्या वासाने माणूस दहा मिनिटांत डॉक्टरकडे जायला तयार व्हायचा.

आता सावंतांचं सांगते. त्याशिवाय मावशी कळायची नाही.

चाळीत रेणू म्हणून एक उत्तरेकडची मुलगी राहायची. बावीस-तेवीसची, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटांच्या पॅकिंगला जाणारी. कंपनी कुठली ते सोडा. तिला सारखी लघवीची जळजळ. मावशी तिला माझ्याकडे घेऊन आली. दोनदा औषध दिलं, दोनदा बरी झाली, तिसऱ्यांदा परत तेच. मावशीने आपल्या हिंदीत तिची उलटतपासणी घेतली, लॅबच्या बाकावर, सगळ्यांसमोर.

"पानी कितना पिती तू?"

"नहीं पीती मौसी।"

"कायको नै पिती?"

रेणू ओढणीचं टोक चावत राहिली. मग हळूहळू बाहेर आलं. पॅकिंगला साठ-सत्तर बायका आणि त्यांच्यासाठी संडास एक. दुसरा होता, पण त्यात खोक्यांचा माल भरून कुलूप. त्या एकालाही जायचं तर सुपरवायझरकडून पास घ्यायचा. पास मागितला की तो घड्याळ बघायचा. म्हणून बायका सकाळी निघतानाच पाणी बंद करायच्या, ते थेट संध्याकाळी घरी येऊन प्यायच्या. पाळीच्या दिवसांत तर काही जणी खाडाच करायच्या.

"सुपरवायजर कोन?"

"सावंत साब।"

मावशी पायरी शोधून खाली बसली. मला वाटलं आता हसणार. पण नाही, ती विचार करायला बसली होती. सावंत म्हणजे आमच्याच इमारतीतले, तिसऱ्या मजल्यावरचे. मालवणकडची माणसं. सोमवार सोडला तर ताटात मासा नसेल त्या दिवशी सावंतांना जेवल्यासारखं वाटत नाही, असं सावंतवहिनी स्वतःच कौतुकाने सांगायच्या.

दुसऱ्या दिवसापासून सावंतांची मासळी बंद.

वहिनी दारात उभ्या, हातात ताट. मावशी त्यांच्या दारावरून सरळ चौथ्या मजल्यावर. "अगो, माका देऊक विसरलंस!" वहिनी ओरडल्या. मावशी वरून म्हणाली, "इसरले नाय. तुज्या नवऱ्याला सांग, संडास उगड, मंग कोलंबी." वहिनींना काही कळेना. मग मावशीने जिन्यात उभं राहून, चारी मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. सत्तर बाया, एक संडास, कुलूप, पास, घड्याळ. वहिनींनी दार लावून घेतलं. बाजारातून आणतील की, आम्हाला वाटलं. पण बाजारात बसणाऱ्या अर्ध्या बायका नवापूरच्या, नाहीतर नवापूरला मुली दिलेल्या. वहिनी पिशवी घेऊन गेल्या की त्या पाटीवर फडकं ओढायच्या.

आठ दिवस. आठव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर जे भांडण झालं ते मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून शब्दन्‌शब्द ऐकलं. वहिनी म्हणत होत्या, "मी बारा तास पाणी न पिता बसू? बसून दाखवू तुमका?" मासळीवरून सुरू झालेलं भांडण मासळीवर राहिलं नव्हतं. त्या आठवड्यातच खोकी बाहेर निघाली, दुसऱ्या संडासाचं कुलूप निघालं आणि पास गेला. सावंतांनी म्हणे वर सांगितलं की तपासणी येणार आहे अशी कुणकुण लागलीय. रेणू धावत सांगायला आली तेव्हा मावशी माझ्या दारात होती. "थांब, थांब, बसू दे मला," ती म्हणाली, बसली, आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. सावंतवहिनींना त्या दिवशी तिने कोलंबीवर फुकटची करंदी वरतावा म्हणून दिली, जरा जास्तच.

आम्हीही तिच्याबरोबर हसलो. ती बसून हसली, आम्ही उभ्याने हसलो. कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग नवापूरला बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं. आमच्या मॅडम, मी आणि एक नर्स. शाळेचे दोन वर्ग मोकळे करून दिले होते. बाहेर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते, त्यांचा वास आणि समुद्राचा वारा. मावशीने घराघरात जाऊन बायका काढल्या होत्या. रांगेत उभं करणं, लाजणाऱ्यांना ढकलणं, 'मला काय झालंय' म्हणणाऱ्यांना शिव्या घालणं, सगळं तीच. मॅडम खूश होत्या. दुपारी चहा प्यायला आम्ही व्हरांड्यात बसलो तेव्हा मावशीला शिंक आली. ती लगबगीने खाली बसली, गुडघे आवळले, शिंकली, मग हात टेकून हळूच उठली.

मॅडमनी कप खाली ठेवला. "ही नेहमी अशी बसून शिंकते?"

मी हसले. "शिंकते काय, हसते पण बसूनच! सवय आहे तिची. आमच्या कॉलनीत पोरी तिची नक्कल करतात."

मॅडम हसल्या नाहीत. "किती वर्षं?"

"मी आल्यापासून बघतेय. बारा-तेरा वर्षं."

"तू दवाखान्यात काम करतेस ना गं?" एवढंच म्हणाल्या त्या. रागावून नाही, अगदी साधेपणाने. बायकांचं अंग बाहेर येतं हे मला काय माहीत नव्हतं? वजनं उचलून, बाळंतपणं लागोपाठ होऊन, पोटातलं सगळं सैल पडतं, हसलं-शिंकलं की लघवी सुटते, पिशवी खाली उतरते. असल्या बायकांचे कागद रोज माझ्या टेबलावरून जात होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर एक बाई तेरा वर्षं जिन्यात बसून स्वतःला सावरत होती आणि मी तिला विनोद समजत होते.

शिबिर संपलं. बेचाळीस बायका तपासून झाल्या. मॅडम म्हणाल्या, "मावशी, आता तुम्ही या आत." मावशी म्हणाली, "मला काय झालंय?" आणि सरळ समुद्राकडे चालू लागली.

पुढचे दोन महिने मी तिच्या मागे लागले. कधी म्हणायची होळीनंतर, कधी म्हणायची सुनेचं बाळंतपण होऊ दे. एकदा मात्र पाटी कठड्यावर ठेवून खरं बोलली. तिसऱ्या मुलीच्या वेळी बाराव्या दिवशी पाटी उचलली होती. नवरा गुजरातेत बोटीवर, घरात खाणारी चार तोंडं. तेव्हापासून. आत कापडाचा बोळा ठेवायचा आणि चालायचं. आताशा कापडाला डाग पण दिसतो.

"रक्ताचा?" मी विचारलं.

"रगताचाच असनार, शाईचा असल का?"

"मग मावशी, वेडी आहेस का तू? सगळ्यांना हाकलतेस आणि स्वतः…"

"तुला ठावं नाय," ती म्हणाली. "माजी जाऊ गेली डाक्टरकडे. डाक्टर बोलला, वजन उचलायचं नाय. बसली गरी. चार मयन्यांत तिला कोनी इचारीना. माजं पन तेच व्हनार. ती मॅडम पयली पाटी काडनार माज्या डोक्यावरची. पाटी गेली तं मला कोन दार उगडल, सांग? आन मी गेले नाय तं तुमच्या पापन्या कोन ओडल?"

तिला मरणाची भीती नव्हती. दारं बंद होण्याची होती.

उत्तर सुचलं सावंतवहिनींना. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा आधी रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "माझी मासळी बंद केली ना तिणां? आता आपण करूया." एका संध्याकाळी त्या आणि मी सगळी दारं फिरलो. चाळीत रेणू फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी नेहमीप्रमाणे पहिलं माझ्या दारात. "घे शिस्टर, भवानी कर. बोंबील एकदम ताजे हायत."

मी ताट पुढे केलं नाही. "आज नको मावशी."

"उपास?"

"नाही."

"मंग?"

"आधी दाखव, मग मासळी."

मला वाटलं आता शिवी येणार. "माजंच मला सांगते?" एवढंच म्हणाली आणि जिना चढायला लागली. मी दारात उभी राहून ऐकत होते. दुसरा मजला, "आज नको मावशी, आधी दाखव." तिसरा मजला, सावंतवहिनी, "आदी दाखव गो बाय, मगे कोलंबी." चौथा मजला. मग दुसरी इमारत, तिसरी. मासे न खाणाऱ्या दामलेआजींनी सुद्धा मुद्दाम दार उघडून सांगितलं म्हणे. मग चाळ. रेणूच्या कडेवर आता मूल होतं. "मौसी, पहले दिखाके आओ।" मावशीने तिला मराठीत, हिंदीत आणि कोणालाच न कळणाऱ्या तिसऱ्या भाषेत शिव्या घातल्या. रेणू रडत होती पण दारातून हलली नाही.

अकराच्या सुमाराला आमच्या दवाखान्यात गलका झाला. बघते तर मावशी, भरलेली पाटी डोक्यावर, सरळ आत शिरतेय आणि वॉचमन मागे धावतोय. "मावशी, पाटी बाहेर ठेवा!"

"नाय ठेवनार! बिगर भवानीची पाटी घेऊन मी आख्ख्या जन्मात फिरले नाय. या टवळ्यांनी आज फिरवली मला. कुटं हाय ती मॅडम? बग म्हनावं काय बगायचंय ते!"

रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मॅडम दार उघडून बाहेर आल्या, पाटीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बोंबील ताजे आहेत का?"

"म्हंजे काय!"

"मग एक वाटा द्या मला. पैसे आधी घ्या, भवानी होऊ दे. मग टेबलावर झोपा."

मावशीचा सगळा आवेश उतरला. तिने नोट पाटीला लावली, कपाळाला लावली आणि लहान मुलीसारखी मॅडमच्या मागे गेली. जाताना माझा दंड धरला तो इतका घट्ट की चार बोटं उमटली.

पिशवी पूर्ण खाली उतरली होती आणि घासून घासून तिच्यावर जखम झाली होती. रक्त त्या जखमेचं, असं मॅडमना वाटत होतं, पण वाटण्यावर चालत नाही. तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस. ते आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मावशी रोज यायची, मासळी द्यायची (भवानी पुन्हा माझ्याकडे आली होती), रिपोर्टचं अक्षर काढायची नाही. फक्त जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायला लागली होती. तेवढ्यावरून कळायचं.

नवव्या दिवशी लिफाफा आला. उघडायचा मॅडमनी, पण मी उघडला. नोकरीत असा नियम मी एकदाच मोडला. एक ओळ वाचली, दुसऱ्यांदा वाचली, बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचली. कॅन्सर नाही. साधी जखम. मी लॅबमध्येच खाली बसले, फरशीवर, आणि हसले का रडले सांगता येत नाही. खरंच सांगते, काही हसणी बसूनच हसावी लागतात.

ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात झालं. सून होती बरोबर, दोन दिवस मी होते. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "वजन उचलायचं नाही. महिनाभर नाही आणि पुढेही नाही. कायमचं." रिक्षात बसल्यावर तिचा उजवा हात आपोआप वर गेला, डोक्याशी, पाटी धरायला. तिथे काही नव्हतं. तिने हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवून दिला.

तीन महिने कॉलनीत मावशी नव्हती. मासळी मिळत होती, बाजारातून आणत होतो. पण कोणी पापणी ओढत नव्हतं की कोणाला शिव्या घालत नव्हतं. जिने कसे ओकेबोके वाटायचे. सावंतवहिनी दर दोन दिवसांनी विचारायच्या, "आपण चुकलो काय गो?" मी म्हणायचे, "नाही." पण रात्री झोपताना तोच प्रश्न मीही स्वतःला विचारत होते.

शेवटी आम्ही पाचसहा जणी रविवारी नवापूरला गेलो. मावशी अंगणात खाटेवर बसून बोंबलांवरचे कावळे हाकत होती. वहिनींनी सरळ मुद्द्याला हात घातला. कॉलनीच्या फाटकाशी दुधाच्या टपरीजवळ ओटा आहे, सून बर्फाची पेटी रिक्षाने आणील, तू फक्त बसायचंस.

"मी बाजारवाली नाय," मावशी म्हणाली.

"मग नको विकूस," मी म्हटलं. "आमच्या पापण्या बघायला ये. आम्ही खाली येऊ, तू म्हणशील तेव्हा."

तिने आणखी एक कावळा हाकला. मग म्हणाली, "येनार का पन? चार मजले उतरून? मी चडायची तवा ठीक होतं. तुमी उतरनार का?"

उतरल्या. पहिल्या दिवशी ओट्याभोवती पंधरा जणी, दुसऱ्या दिवशी पंचवीस. आणि त्यात एक गोष्ट झाली जी कोणी ठरवली नव्हती. आधी प्रत्येकीचं दुखणं तिच्या तिच्या उंबऱ्यात, मावशीच्या कानात असायचं. आता ओट्यावर एकीने सुरुवात केली की दुसरी म्हणायची, अगं माझंही असंच. रेणूने तिथेच दामलेआजींना पाणी न पिण्याचं काय होतं ते समजावलं. दामलेआजी मासळीच्या पेटीपासून चार हात लांब, नाकाला पदर लावून उभ्या, पण रोज हजर. मावशीने स्वतःचं दुखणं तर कॉलनीभर असं सांगितलं की पुरुषांनी त्या वेळेला फाटकातून जाणंच बंद केलं. "लाजते कशाला? माजं पन अंग बाहेर यायचं. वीस वर्सं कापड घालून फिरले, मूर्कासारकी. तू नको फिरू." त्या वर्षी आमच्या मॅडमकडे नवापूरहून आणि चाळीतून अशा बायका आल्या की ज्या कधी आल्याच नसत्या. तिची जाऊसुद्धा आली.

मग माझी पालघरला बदली झाली. जिल्ह्याचं ठिकाण, मोठी लॅब, चांगलंच झालं म्हणायचं. सामानाचा टेम्पो पुढे गेला. मी रिक्षा उभी करून फाटकाशी मावशीचा निरोप घ्यायला थांबले. सकाळची गर्दी होती. ती पेटीमागे उभी राहून कोणाला तरी मांदेली मोजून देत होती. माझ्याकडे बघून तिने सवयीने माझी पापणी ओढली, बघितली, सोडली.

तेवढ्यात सावंत आले. निवृत्त झाले होते ते, हातात कापडी पिशवी. बायकांच्या घोळक्यापासून जरा लांब उभे राहिले. मग घसा खाकरून, अगदी ऑफिसात विचारावं तसं म्हणाले, "मावशी, आज मला मासळी मिळेल ना? की काही राहिलंय माझ्याकडून?"

मावशीच्या खांद्यात हसू हललं. मी ते ओळखलं. सोळा वर्षं बघितलेलं. माझा हात जुन्या सवयीने पुढे झाला, तिचा दंड धरून तिला ओट्यावर टेकवायला. "अगं मावशी, बस, बस आधी!"

"कशाला बसू?" ती म्हणाली.

आणि तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले, मान मागे टाकली आणि भर रस्त्यात उभी राहून हसली. हसतच राहिली. दूधवाला टपरीतून बाहेर आला, वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या, सावंतही हसायला लागले. रिक्षावाला मला घाई करत होता. मी बसले. रिक्षा वळेपर्यंत मागे वळून बघत होते. ती अजून उभीच होती.